आवाजाचं वय

"सर, रागावू नका, पण तुमची पॉलिसी थांबलीय," एजंट म्हणाला. "आवाज फार चांगला आहे म्हणून."

फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरून तो बॅगेचं वजन करत होता. बॅग काट्याला लटकत होती, काटा त्याच्या हाताला लटकत होता, आणि त्यात आता हे वाक्य. गेल्या काही महिन्यांत काही ना काही थांबल्याची बातमी त्याने रोज ऐकली होती. आवाज फार चांगला आहे, हे तर तो कॉलेजात असल्यापासून ऐकत आला होता. पण या दोन गोष्टींचं आपसांत काही नातं असेल असं कधी मनात आलं नव्हतं. "धन्यवाद," असं तो सवयीने म्हणूनही गेला. "तसं नाही हो सर," एजंट म्हणाला. "डॉक्टर मॅडमनी काल फोनवर तुमची तपासणी घेतली ना, त्यांनी शेरा मारलाय. माणसाचं वय सत्तावन्न, आवाजाचं पस्तीस. पूर्वी सिगरेट, एकदा न्यूमोनिया, आणि तरी एका दमात साठपर्यंत आकडे म्हटले. मॅडम म्हणतात, फोनवर बोलला तो हा माणूसच नव्हे." "मग कोण होता?" "ते तुम्ही सांगायचं. लोक मुलाला बसवतात, सर. परवा एका आजोबांच्या नावाने त्यांचा जावई बोलला. सगळं छान पार पडलं आणि शेवटी म्हणतो कसा, बाबा आंघोळीला गेलेत, निरोप देतो."

फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवला तो अभिमान. भीती, चिंता वगैरे मंडळी नंतर आली; पण अभिमान दारातच उभा होता. पस्तीस! डॉक्टर बाई, म्हणजे शास्त्र शिकलेली, छातीत काय चालतं ते जाणणारी, आणि तिलाही फसवलं. बत्तीस वर्षं तो एका हिरोचा आवाज होता. हिरोचं स्वतःचं बोलणं दुधाच्या पातेल्यात चमचा पडावा तसं होतं, त्यामुळे पडद्यावर तो तोंड हलवायचा आणि बंद खोलीत, काळ्या पडद्यांच्या मध्ये, कानाला हेडफोन लावून हा बोलायचा. हिरो आता साठीचा झाला होता, केस दुसऱ्याचे, दात तिसऱ्याचे. आवाज मात्र पहिल्यापासूनच दुसऱ्याचा असल्याने तेवढा टिकला. सरळ मार्गाने कमावलेलं तारुण्य असं जगात फार थोड्यांकडे असतं. ते कानाचं तारुण्य होतं, पण होतं. डॉक्टर बाईंचा फोन आला तेव्हा त्याने "बोला" म्हटलं ते त्याच गळ्यातून. मुद्दाम नव्हे. अनोळखी माणसासमोर हात जसा आपोआप केसांकडे जातो, तसा त्याचा गळा आपोआप पस्तिशीकडे गेला होता. आणि साठपर्यंतचे आकडे? त्यात काय मोठंसं. मास्तरांनी, म्हणजे ज्यांनी त्याला बूथमध्ये पहिल्यांदा उभं केलं त्यांनी, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की प्रेक्षकाला श्वास ऐकू आला तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. श्वास घ्यायचा तो चोरून. "म"वर ओठ मिटतात तेव्हा नाकाने थोडा, "स" सरकतो त्याच्या आडोशाने थोडा. पाकीटमारासारखा. साठ आकड्यांत त्याने निदान नऊदहा श्वास मारले असतील, आणि बाईंनी भाबडेपणाने लिहिलं, एका दमात.

अभिमान ओसरला तेव्हा खोलीत बॅग तेवढी उरली. बॅगेत बायकोने मागवलेले लोकरी मोजे होते, गुडघ्याला बांधायचा पट्टा होता, तिच्या आवडीचं खोबरेल तेल तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेलं होतं. बायको तिकडे होती. तिकडे म्हणजे जिथे तिला नोकरी होती आणि त्याला नोकरीच्या पाठीमागे उभं राहण्याचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा होता. त्या व्हिशावर त्याचा उल्लेख "सोबती" असा होता, आणि हा हुद्दा त्याला आवडायचा. बायको पुलांची तपासणी करायची. हातात छोटी हातोडी, डोक्यावर टोप, कमानीखाली दोरीला लटकून ती काँक्रीटवर ठोकायची आणि कान लावून सांगायची, हे भरीव, हे पोकळ. आत पाणी शिरलंय, वर्षभरात सुटेल. लग्नानंतर पहिल्यांदा तिला काम करताना पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं की दोघांचा धंदा एकच, कानाचा. फरक एवढाच की तिचा कान खोटं पकडायला बसला होता आणि त्याचा गळा ते खपवायला. हे त्याने तिला हिरोच्या आवाजात ऐकवलंही होतं. ती हसली होती आणि म्हणाली होती, "तू झोपेतसुद्धा चांगलं बोलतोस. कधीतरी वाईट बोलून दाखव." त्याने ते कौतुक म्हणून घेतलं. कौतुक आणि तक्रार यांत निवड करायची वेळ आली की तो बेधडक कौतुकाच्या बाजूला जायचा. यात त्याचं आजवर कधी नुकसान झालं नव्हतं.

इकडे तो आला होता हिरोच्या नव्या मालिकेसाठी, थोडे दिवस. मग साथ आली, विमानं बंद झाली, आणि तो ताईकडे राहिला तो राहिलाच. दरम्यान तिकडे बायको पुलाखालच्या ओल्या पायरीवरून घसरली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. साथीमुळे शेजारीपाजारी, मदतनीस, कोणीही आत यायला बंदी. घरात राहणारा घरचाच माणूस असेल तर चालेल. घरचा माणूस एकच होता आणि तो समुद्रापलीकडे बॅगेचं वजन करत होता. तिकडच्या सरकारने आता दीर्घ मुक्कामवाल्यांना परत यायची मुभा दिली होती, पण अट घातली होती: साथीच्या आजाराचं नाव घालून, व्हिशाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा आरोग्यविमा दाखवा. नाहीतर विमानात चढता येणार नाही. तिकडचा त्याचा जुना विमा तो फार दिवस बाहेर राहिल्याने निजला होता, आणि तो जागा व्हायला आधी तिकडे पोचायला हवं होतं. म्हणजे पोहायला येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, तसली गोष्ट. राहता राहिला इकडचा विमा, आणि इकडचे विमेवाले साथीचं नाव घातलं की डॉक्टरचा फोन लावत होते. यंदा सगळ्यांच्या तोंडावर मास्क असल्याने कंपनीने चेहऱ्यांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. रेकॉर्ड केलेला आवाज, हाच पुरावा.

बायको फोनवर म्हणायची, "नाही जमलं यायला तरी हरकत नाही. मी करेन मॅनेज." तो म्हणायचा, "घाबरू नकोस, मी आहे ना." हे वाक्य त्याने निरनिराळ्या नायिकांना इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याला त्यासाठी डोकं लागत नसे. वाक्यानंतर पलीकडे थोडी शांतता पडायची. चांगल्या वाक्यानंतर पडते तशीच, असं तो समजायचा.

"तुझी पॉलिसी नापास झाली म्हणे?" ताई दारात उभी होती. ताई मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई होती. निवृत्त झाली तरी बोलताना अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे असं धरून बोलायची. एजंटचं बोलणं तिला कसं कळलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. या घरात भिंती होत्या, पण त्या नावाला. "नापास नाही," तो म्हणाला. "जास्त मार्क पडले." "भोंग्या," ताई म्हणाली. हे त्याचं लहानपणचं नाव, आणि ते वापरायचा हक्क असलेली ती शेवटची व्यक्ती. "भोंग्या, सरळ बोलायचं सोडून काय नाटकं केलीस फोनवर?" "मी सरळच बोललो." "तू? तू वाण्याकडे साबण मागतोस तर दुकानातली गिऱ्हाईकं वळून बघतात. पुन्हा फोन येईल तेव्हा आपल्या आवाजात बोल म्हणजे झालं." एवढं सांगून ती कणीक मळायला गेली, जणू आपला आवाज म्हणजे खुंटीला अडकवलेला टॉवेल, हात लांबवला की मिळेल.

दुसरा फोन उद्या येणार होता. त्याने प्रश्न धंदेवाईक पद्धतीने हातात घेतला. सत्तावन्न वर्षांचा माणूस हवा आहे, ठीक, देऊ. त्याच्याकडे माल काय कमी होता? नायिकेचा संशयी बाप होता, निवृत्त न्यायाधीश होता, सूनबाईंना समजून घेणारा सासरा होता, शेवटच्या प्रसंगात पश्चात्ताप होणारा कारखानदार होता. आरशासमोर उभं राहून त्याने एकेकाला बोलावून पाहिलं. न्यायाधीशाला फार अधिकार होता, विमा मागणाऱ्याला तो शोभत नाही. कारखानदार लगेच गहिवरायचा. शेवटी सासरा पसंत पडला: छातीच्या तळातून येणारा, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी दमून खाली बसणारा सज्जन आवाज. आरशातला माणूस त्या आवाजाला छान बसत होता. तेवढ्यात त्याच्या मनात एक क्षुल्लक शंका आली की हे सगळे बाजूला केल्यावर आरशातला हा माणूस कसा बोलतो? त्याने तोंड उघडलं. सुचेना. लहानपणी फुटलेला आवाज मास्तरांनी उचलला, घासला, पुसला, आणि त्यानंतर तो पुन्हा कच्चा कोणी ऐकलाच नव्हता. साऊंडवाला टेपवरून त्याचे श्वास कापून टाकायचा, खोकले कापायचा, थुंकी गिळल्याचा आवाज कापायचा. आज त्याला प्रथमच वाटलं की त्या कापलेल्या तुकड्यांचं पुढे काय होत असेल. एकत्र केले तर त्यांचा एक माणूस होईल, आणि बहुधा तोच या घरातून तिकडे जायचा असेल. पण अशा विचारांना त्याने कधी चहा विचारला नव्हता. त्याने आरशावरचा पेस्टचा शिंतोडा पुसला आणि शांत झोपला.

"नमस्कार," तो दुसऱ्या दिवशी सासऱ्याच्या आवाजात म्हणाला. "बोला, डॉक्टर."

पलीकडून डॉक्टर बाईंनी विचारलं, "आवाज असा कधीपासून झाला तुमचा?"

"कसा?"

"घोगरा. वाक्य संपताना दम जातोय. परवा तरुण वाटत होतात, आज सत्तरीचे वाटताय. दोन दिवसांत एवढा फरक म्हणजे मला लिहायला लागेल. ताप आहे का?"

सत्तावन्नाचा नेम धरून मारलेला बाण सत्तरीला जाऊन लागला होता. त्याने घाईने सासऱ्याला घरी पाठवलं, न्यायाधीश आला, न्यायाधीशाला हाकललं तर हिरो पुढे झाला, "डॉक्टर, माझं ऐकून घ्या," असं भरगच्च म्हणाला, आणि बाई म्हणाल्या, "आता हा परवाचा मुलगा बोलतोय. घरात नेमके किती जण आहात तुम्ही?"

मग त्याने खरं ते सांगितलं. सांगताना कुठला आवाज लागला हे त्याला कळलं नाही, बहुधा जाता येता सगळ्यांनीच थोडं थोडं सांगितलं. डबिंग करतो. अमुक हिरोचा आवाज मी. "म्हणजे तो इस्पितळातला सीन?" बाई म्हणाल्या. "गोळी लागलेली असते, आणि तो आईला सगळं सांगतो? माझ्या घरी सगळे रडले होते." त्याची छाती आपोआप पुढे आली. "तो मीच." "मला तेव्हाही वाटलं होतं," बाई म्हणाल्या, "फुप्फुसात गोळी लागलेला माणूस एवढं सलग बोलत नाही. श्वास चुकीचा होता." बत्तीस वर्षांत हा दोष कोणीही काढला नव्हता. तो रागवायला हवा होता; पण त्याला वाटलं, अरेच्चा, कोणीतरी ऐकत होतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "तुम्ही तुम्हीच आहात हे मला पटलंय. एवढी विचित्र थाप कोणी मारणार नाही. पण तुमची छाती मला ऐकू येत नाही. दर वेळी मध्ये कोणीतरी उभं असतं. पायऱ्या आहेत इमारतीला?"

"चार मजले. लिफ्ट साथीमुळे बंद आहे." जंतू लिफ्टने वर येतात आणि जिने चढायला कंटाळतात, असा सोसायटीच्या कमिटीचा शोध होता.

"उत्तम. खाली जा आणि न थांबता वर या. फोन तोंडाजवळ. चक्कर आली तर मात्र लगेच बसायचं. आणि एक शब्द बोलायचा नाही."

तो खाली उतरला. तळमजल्यावर सायकलींना धूळ चढली होती. पहिला मजला त्याने ऐटीत घेतला, नाकाने, कोणाला कळू न देता. मास्तर असते तर पाठ थोपटली असती. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारामागे फोडणीचा ठसका होता, तो चोरून घेतलेल्या श्वासाबरोबर आत गेला आणि चोरी उघडकीला आली. तिसऱ्याला त्याचं तोंड आपोआप उघडलं. कठडा धरला. छातीत जुन्या न्यूमोनियाच्या जागी काहीतरी खरखरलं, की ते नुसतं मनात होतं, आणि हे बाईंना ऐकू जातंय, तिकडे शाई घेऊन बसल्या असतील, हा माणूस गेला कामातून, आणि विमान त्याच्याशिवाय जाईल, ती पांगळ्या पायाने भिंत धरून स्वयंपाकघरात जाईल, पाणी घेईल, तेही मॅनेज करेल, सगळं करेल, आणि त्यानंतर तिला सोबती कशाला लागेल? हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. मनात घोळवायला दम शिल्लक नव्हता म्हणूनच तो प्रश्न सबंध पडला, एका तुकड्यात. शेवटच्या पायऱ्या तो जवळजवळ हातांनी चढला. ताई दारात उभी. ती काही बोलणार तोच त्याने बोट ओठांवर ठेवलं. ते बोटसुद्धा धापा टाकत होतं.

"आता पूर्ण नाव सांगा," बाई म्हणाल्या.

त्याने सांगितलं. नाव, मग श्वास, मग वडिलांचं नाव, मग श्वास, अर्धं आडनाव, श्वास, उरलेलं आडनाव. ज्या आवाजात ते बाहेर आलं तो त्याने आयुष्यात कोणत्याही पात्राला दिला नसता. हमालाला नाही, दोन वाक्यांच्या पोस्टमनला नाही. पातळ, किंचित गेंगाणा, सुटे पैसे परत मागणाऱ्या माणसाचा आवाज.

"गप्प उभे रहा. मी ऐकतेय." त्या ऐकत राहिल्या. श्वास हळूहळू आपापल्या जागी बसत गेला, पाहुणे जेवायला बसावेत तसा, सरकत, खाकरत. "हं," बाई म्हणाल्या. "खरखर घशाची आहे, छातीची नाही. दम वेळेत परत येतोय. हे सत्तावन्नच आहेत. चांगले सत्तावन्न आहेत, पण सत्तावन्न."

"म्हणजे पास?"

"साथीचं नाव घालून पत्र निघेल. आज संध्याकाळपर्यंत एजंट पाठवेल. आणि वजन उतरवा."

त्याने पायरीवर बसूनच बायकोला फोन लावला. पाठ ओली झाली होती. "झालं," तो म्हणाला. "विमा झाला. येतोय."

"कोण बोलतंय?" बायको म्हणाली.

"मी."

"मी कोण?"

"अगं मी. जिने चढलोय."

ती मग हसली, आणि हसता हसता तिचा सूर हलला. "हा तुझा आवाज आहे?"

"तात्पुरता. दम खातो आणि मग..."

"नको. थांब. असाच रहा जरा." ती घाईघाईने बोलू लागली, दार मिटायच्या आत बाहेर पडावं तशी. "तुला सांगायचं होतं. मला त्या ऑपरेशनची फार भीती वाटतेय रे. भूल देतात त्याची. रात्रभर तेच डोक्यात. तू फोन करतोस तेव्हा सांगावंसं वाटतं, पण तू त्या आवाजात काही म्हणतोस आणि मला वाटतं सिनेमा चाललाय, आपण मध्ये कशाला बोला. मी मॅनेज करेन म्हणून मोकळी होते."

बरगड्या रुंदावल्या. दम पूर्ण परत आला होता. त्याला तो खाली, पोटाच्या तळाशी, भरत जाताना कळला; गळा आपोआप ओला झाला, जीभ सैल झाली, आणि वाक्य तयार होऊन ओठांच्या आत उभं राहिलं, मखमली, तारुण्याने मुसमुसलेलं, अचूक.

"ऐकू येतंय मला," बायको म्हणाली. "तो श्वास घेतोयस तू. नको घेऊस."

त्याने तोंड मिटलं. काय करावं हे त्याला फार वेळ सुचलं नाही असं म्हणता येणार नाही; तो कृतीचा माणूस होता. तो उठला आणि जिना उतरू लागला.

"कुठे चाललास रे आता?" ताई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ओरडली.

"खाली."

"कशाला?"

"वर यायला," तो म्हणाला, आणि फोनमध्ये म्हणाला, "तू बोलत रहा. मी पोचतोच." सायकलींपाशी तो वळला, कठडा धरला आणि या वेळी पहिल्याच पायरीपासून तोंड उघडं टाकून, दोन दोन पायऱ्या घेत, होता नव्हता तेवढा दम उधळत पळत सुटला.